सिम्प्सन वाळवंटात पाण्याचा हिशेब

आजच्या बोलण्याची सुरुवात मी टायरमधल्या हवेपासून करतो. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी असलेल्या सिम्प्सन वाळवंटात वाळूच्या सुमारे ११०० रांगा वायव्येकडून आग्नेयेकडे जवळजवळ समांतर पसरलेल्या आहेत, आणि पूर्वेचे बर्ड्सव्हिल हे गाव गाठायचे तर त्या एकामागून एक ओलांडाव्या लागतात. टायरमध्ये नेहमीची हवा ठेवली तर चाक वाळूत खड्डा करून रुतते. तीच १६ पीएसआयच्या (हवेचा दाब मोजण्याचे एकक) आसपास आणली की टायर पसरतो आणि गाडी अलगद वर चढते. पहिल्या सकाळी मी २४ च्या खाली उतरायला कचरत होतो, म्हणून आमची गाडी एकाच रांगेच्या माथ्याखाली तीनदा अडकली.

आम्ही जुलैमध्ये गेलो होतो, कारण १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात उन्हाळ्यामुळे तेथील राष्ट्रीय उद्यान बंद असते. डॅलहौसीच्या उष्ण झऱ्यांत शेवटची आंघोळ करून आम्ही १९६०च्या दशकात तेलाच्या शोधासाठी एका फ्रेंच कंपनीने पाडलेल्या ‘फ्रेंच लाइन’ या वाटेला लागलो. पश्चिमेकडचा माउंट डेअर हा थांबा सोडल्यावर बर्ड्सव्हिलपर्यंत इंधन कोठेही मिळत नाही. माथ्यापलीकडून कोण येत आहे हे दिसत नसल्याने प्रत्येक गाडीला उंच काठीवर झेंडा लावावा लागतो. याहूनही मोठी भीती गवताची असते. दर थांब्याला माझी मुलगी जमिनीवर पालथी पडून, सायलेन्सरभोवती अडकलेले स्पिनिफेक्सचे वाळलेले काडे तारेच्या आकड्याने ओढून काढत असे; ते तापून पेटले तर गाडी हातची जाते.

पाणी आम्ही माणशी रोज सात लिटर धरले होते. रात्री कॅन हलवून, टॉर्चच्या उजेडात पातळी पाहून मी ती वहीत लिहीत असे, आणि या वाळवंटाचे मूळ रहिवासी असलेल्या वांगकांगुरू लोकांची आठवण मला सर्वांत तीव्रतेने होई ती याच वेळी. वाळूच्या रांगांमधल्या सखल भागात ते खोल, अरुंद विहिरी खणत. त्यांना ‘मिकिरी’ म्हणतात. या विहिरींच्या आधाराने त्यांची कुटुंबे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत या वाळवंटात नांदत होती. टेड कोल्सन यांनी १९३६ साली उंटांवरून हे वाळवंट ओलांडले, तेव्हा पीटर एन्स हा आदिवासी सहकारी त्यांच्यासोबत होता. १९६२ साली भूगर्भशास्त्रज्ञ रेग स्प्रिग आपल्या कुटुंबासह मोटारीने पार झाले. दोन्ही प्रवास धाडसाचे होते, यात शंका नाही. मात्र त्यांच्याविषयी बोलताना ‘सर्वप्रथम’ हा शब्द आपण सहज वापरतो, तो मला मनापासून खटकतो. ज्या भूमीत मुले जन्मली आणि म्हातारी माणसे निवर्तली, ती भूमी कोणीतरी येऊन ओलांडण्याची वाट पाहत नव्हती.

मिकिरी पाहण्याची इच्छा मला फार होती. परंतु त्या जागा त्या लोकांच्या आहेत आणि त्यांच्या संमतीवाचून तेथे जाणे योग्य नाही, म्हणून आम्ही आखलेली वाट सोडली नाही. सहाव्या दिवशी दुपारी ‘बिग रेड’ या सुमारे ४० मीटर उंच टेकडीवर पोहोचलो, तेव्हा कॅनमध्ये १९ लिटर पाणी उरले होते. मुलीने त्यातले एक भांडे भरून हात धुतले आणि उरलेले पाणी पुन्हा कॅनमध्ये ओतायला निघाली. बर्ड्सव्हिल तेथून जेमतेम ३५ किलोमीटरवर होते.