रिपोर्टमध्ये सीआरपी वाढलंय

(दृश्य : सांगली मार्केट यार्ड. हळकुंडांचे ढीग, निवडायला बसलेल्या बायका.)

संध्याकाळपर्यंत इथं बोटं पिवळीधमक होतात. बीपीची गोळी कुणाकुणाला चालू आहे, असं विचारलं की आधी हसू, मग एकेक हात वर. त्यांतल्या एका मावशींच्या पिशवीत लॅबचा रिपोर्ट आहे. एचएस-सीआरपी 4.2. शेजारीण डोकावते, "ही साखर म्हणायची व्हय?"

साखर नव्हे. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी, हे यकृतात तयार होणारं प्रथिन, शरीरात कुठंतरी सूज असल्याची खूण. 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं. जंतू शिरले, जखम झाली, की काही तासांत ते वाढू लागतं. बीपीवाल्या बाईच्या शरीरात मात्र असा भडका नसतो, सूज आतल्या आत धुमसत असू शकते. ताप नाही, दुखणं नाही. पोटावरची चरबी इंटरल्युकिन-6 हा सुजेचा निरोप देणारा पदार्थ सोडत राहते आणि यकृत थोडं जास्त सीआरपी बनवत राहतं. एवढा बारीक फरक टिपायला साधी तपासणी पुरत नाही, म्हणून ही हाय सेन्सिटिव्हिटीची, म्हणजे एचएस. लिटरमागे 1 मिलिग्रॅमच्या आत असेल तर हृदयाची जोखीम कमी, 3 च्या वर जास्त. 10 ओलांडले, तर आधी दाढ, लघवी, छाती यांतला संसर्ग शोधायचा आणि दोनेक आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचं.

अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ स्टडीमध्ये बीपी नसलेल्या वीस हजारांवर स्त्रियांवर काही वर्षं लक्ष ठेवलं होतं. 2003 साली निष्कर्ष आला : सुरुवातीलाच सीआरपी जास्त असलेल्यांना पुढं बीपी होण्याचं प्रमाण अधिक. पण म्हणून सीआरपीच बीपी चढवतं, असं नाही. दोघांच्या मागे वजन, तंबाखू, हिरड्यांची सूज अशी कारणं एकच असू शकतात. शिवाय इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनीही सीआरपी वाढतं. पाळीच्या किंवा कुटुंबनियोजनाच्या गोळ्या चालू असतील, तर ते डॉक्टरांना सांगायला हवं. बहुतेकजणी सांगत नाहीत.

(दृश्य : कमरेच्या पिशवीतून निघणारी छोटी डबी. दातांवरून फिरणारं काळं बोट.)

मिश्री. ही घेणारी बाई "मी तंबाखू खात नाही" असं अगदी खरं वाटून सांगते. निकोटिन रक्तात जातंच, हिरड्याही सुजतात.

"पण आम्ही दिवसभर हळदीतच बसतोय की, तरी सूज कशी?"

प्रश्न बिनतोड आहे. हळदीतलं ज्याला सूज उतरवणारं म्हणतात ते कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच कमी उतरतं, उत्तर एवढंच. हळदीच्या दुधावर बीपीची गोळी सोडलेल्या बायका याच यार्डात भेटतात.

(दृश्य : आरोग्य उपकेंद्र.)

सिस्टर रिपोर्ट बाजूला ठेवतात, दंडाला पट्टा बांधतात. 158 वर 96.

"गोळी कधीपासून बंद आहे, मावशी?"

"संपल्यात. सौदे चालू हायत, आणायला कोण जाणार?"

सिस्टर कपाटातून महिन्याच्या गोळ्या काढतात.