मुलांच्या खोलीचा रंग : धुतला तरी टिकणारा

आपल्या मुलाच्या पलंगाशेजारची भिंत एकदा जमिनीवर बसून, त्याच्या उंचीवरून पाहावी, अशी माझी आपणा सर्वांना विनंती आहे. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत मेणखडूच्या रेघा असतात, दिव्याच्या बटनाभोवती बोटांचे मळकट ठसे असतात आणि उशीच्या वर, जिथे तेल लावलेले डोके रोज रात्री टेकते, तिथे तळहाताएवढा पिवळसर गोल डाग पडलेला असतो. हा डाग ओल्या फडक्याने निघाला आणि त्याच्याबरोबर रंग निघाला नाही, तरच या खोलीत रंग टिकला असे मी म्हणेन.

आता डब्यात काय असते ते पाहू. रंग देणारी पूड, खडूच्या भुकटीसारखा भराव, हे सारे धरून ठेवणारा चिकट बंधक आणि पाणी किंवा टर्पेंटाइन, अशी ही ढोबळ मांडणी आहे. डिस्टेंपरमध्ये भराव फार आणि बंधक कमी असल्यामुळे तो स्वस्त पडतो. पण त्याचा थर सच्छिद्र राहतो, तेल आत मुरते आणि घासायला गेले की फडक्यालाच रंग लागतो. ॲक्रिलिक इमल्शनमध्ये, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या प्लास्टिक रंगात, बंधक वाढतो आणि सर्वसाधारणपणे जितकी चमक अधिक, तितका थर अधिक बंद आणि धुण्याजोगा असतो. म्हणून छताला साधा मॅट रंग पुरे आहे, मात्र भिंतींना मंद चमकेचे, म्हणजे दुकानात ज्याला सॅटिन किंवा शीन म्हणतात तसे इमल्शन घ्यावे. महागड्या श्रेणींत धुता येणारे मॅटही मिळते. चमकेचा एक तोटा आधीच सांगतो : भिंतीतला प्रत्येक उंचवटा तिच्यात दिसतो, त्यामुळे लांबी (पुट्टी) भरणे आणि पॉलिश पेपरने घासणे या कामांत कंजुषी करता येत नाही.

पण उत्तम डबा आणूनही रंग जातो, आणि तो बहुधा भिंतीमुळे जातो. माझ्या मुलीच्या खोलीत खिडकीखालच्या गिलाव्याची दुरुस्ती आम्ही भाद्रपदात केली होती. दिवाळीच्या आत खोली सजावी म्हणून तीन आठवड्यांतच लांबी भरून महाग इमल्शनचे दोन हात दिले. संक्रांतीच्या सुमारास तिथे फुगे आले. नखाने उचलले, तर रंग आणि लांबी असा दोन्हींचा मिळून पोपडा हातात आला आणि त्याच्या पाठीवर पांढरी, बोटांना खरखरीत लागणारी भुकटी होती. गिलाव्यात अडकलेले पाणी बाहेर पडताना सिमेंटमधले क्षार बरोबर घेऊन येते आणि ते रंगाच्या थराला मागून ढकलतात. नवा गिलावा निदान 28 दिवस, आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत त्याहूनही अधिक, सुकू द्यावा. शंका असल्यास फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर एक दिवस ठेवावा. आतून घाम धरला, तर रंगाऱ्याला थांबवावे आणि आधी ओल कुठून येते ते शोधावे. खिडकीच्या चौकटीची फट, वरचा सज्जा आणि पलीकडचे न्हाणीघर ही तपासायची पहिली ठिकाणे होत.

टिकाऊपणासाठी मुलांच्या खोलीतही कमरेइतक्या उंचीपर्यंत ऑइल पेंट लावण्याची पद्धत होती. तो सहज पुसता येत असे, हे खरेच आहे. परंतु अशा रंगांत, विशेषतः पिवळ्या, नारिंगी आणि हिरव्या छटांत, शिशाची संयुगे वापरली जात. आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दशलक्षात 90 भाग इतकी ठरवली आहे, म्हणून डब्यावर तसा उल्लेख आहे की नाही ते वाचूनच डबा घ्यावा. जुन्या घरातले दरवाजे आणि खिडक्यांचे गज मात्र त्याआधीच्या थरांनी मढलेले असू शकतात. मुलांच्या बाबतीत शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानले जात नाही. म्हणून जुना ऑइल पेंट कोरडा घासू देऊ नये. तो ओला करून घासावा, त्या काळात मुलाला दुसरीकडे ठेवावे आणि नंतर फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने दोनदा पुसावी.

शिसे गेल्यावर भडक पिवळ्या आणि लाल रंगांसाठी बहुतेक ठिकाणी सेंद्रिय, म्हणजे कार्बनच्या संयुगांची, रंगद्रव्ये वापरली जातात. त्यांची झाकण्याची शक्ती कमी असते, म्हणून दोनऐवजी तीन हात लागतात, आणि त्यांतली बरीच उन्हात लवकर फिकी पडतात. पश्चिमेची खिडकी असेल, तर गेरू किंवा पिवळ्या मातीच्या जातीच्या छटा निवडाव्यात, कारण त्यांना रंग देणाऱ्या लोहाच्या ऑक्साइडवर उन्हाचा फारसा परिणाम होत नाही.

डब्यावर ‘कमी व्हीओसी’, म्हणजे हवेत उडणारी रसायने कमी, असे लिहिलेले असले, तरी काही दिवस खिडक्या उघड्या ठेवून वास पूर्ण गेल्यावरच मुलाला तिथे झोपवावे, आणि तीन-चार आठवडे भिंत धुऊ नये. छटेचा क्रमांक कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावा आणि लिटरभर रंग घट्ट झाकणाच्या बरणीत राखावा. पुढे कधी उशीच्या वरचा भिंतीवरचा तो डाग निघेनासा झाला, तर ती एकच भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुन्हा रंगवावी. मधोमध ठिगळ मारले, तर जुन्या आणि नव्या चमकेतला फरक तिरप्या उन्हात लगेच दिसतो.