पिवळा चौकोन, साठ सेकंद

लघवीतलं प्रोटीन तपासायच्या पट्टीवर रसायनाचे छोटे चौकोन असतात. ही पट्टी लघवीत बुडवली की लगेच बाहेर काढायची. भांड्याच्या काठाला तिची कड टेकवून निथळू द्यायची आणि मग आडवी धरायची. उभी धरली तर एका चौकोनातलं रसायन ओघळून शेजारच्यात उतरतं.

आता घड्याळ. प्रोटीनचा चौकोन बहुतेक पट्ट्यांवर साठ सेकंदांनी वाचतात. पिवळाच राहिला तर निगेटिव्ह. हिरवट झाला, तर पट्ट्यांच्या बाटलीवरच्या रंगांशी ताडून पाहायचा, तोही चांगल्या उजेडात.

१९व्या शतकात लंडनचे डॉक्टर रिचर्ड ब्राइट चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवायला सांगत. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं त्यात काही गोठलं, की मूत्रपिंडाच्या आजाराचा संशय. पट्टीवर तापवणं नाही, रंग आहे. चौकोनातलं रंगद्रव्य आम्लात ठेवलेलं असतं, म्हणून ते पिवळं. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रोटीन, त्याला चिकटलं की आम्लता तितकीच राहूनही रंग हिरव्या-निळ्याकडे सरकतो. लघवी फारच अल्कधर्मी असेल किंवा पट्टी जास्त वेळ बुडून राहिली, तर ही आम्लता टिकत नाही. मग प्रोटीन नसतानाही चौकोन हिरवा दिसतो.

प्रोटीनचं प्रमाण प्लसमध्ये सांगतात. वन प्लस म्हणजे १०० मिलीलिटरमध्ये साधारण ३० मिलिग्रॅम, टू प्लस म्हणजे १००, थ्री प्लस म्हणजे ३००. पण पट्टी मोजते ती फक्त तीव्रता. दिवसभरात किती प्रोटीन गेलं, ते तिला कळत नाही. भरपूर पाणी प्यायलेल्या माणसाची लघवी पातळ, रंग फिका. म्हणून सकाळची पहिली लघवी बरी. ताप आला असेल किंवा दमवणारा व्यायाम झाला असेल, तर एखाद-दुसरा प्लस तात्पुरता दिसू शकतो. काही दिवसांनी पुन्हा बघायचं. पुन्हा आलाच, तर प्रयोगशाळेत अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचं (लघवीतून जाणारा स्नायूंमधला टाकाऊ पदार्थ) गुणोत्तर काढून घ्यायचं.

आणखी एक गोष्ट, जी रिपोर्ट वाचताना सहज निसटते. ही पट्टी प्रामुख्याने अल्ब्युमिन ओळखते. मायलोमा या कर्करोगात लघवीतून वेगळीच प्रथिनं जातात, आणि चौकोन खुशाल पिवळा राहू शकतो.

गरोदरपणात मात्र हिशेब वेगळा. वीस आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त आणि पट्टीवर प्रोटीन, असं दोन्ही दिसलं, तर ‘काही दिवसांनी पुन्हा बघू’ चालत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.