कोर वाढवले म्हणून सिम्युलेशन पळेलच असं नाही

मगाशी ब्रेकमध्ये एकाने विचारलं, सर आता कोर (प्रोसेसरमधले एकाच वेळी स्वतंत्रपणे काम करणारे भाग) ढिगाने मिळतात, मग सिम्युलेशनचे हजार तुकडे करा, हजार कोरना वाटून द्या, झालं की काम. झालं असतं हो, पण इथे प्रत्येक इव्हेंटवर (विमान उतरलं, पॅकेट पोचलं अशी एकेक घटना) वेळेचा शिक्का असतो आणि 10:02 च्या इव्हेंटचा परिणाम 10:05 च्या इव्हेंटवर होणार असेल तर क्रम उलटून चालत नाही, उत्तरच चुकतं. एकाच कोरवर सोपंय, एक रांग ठेवायची, सगळ्यात लहान वेळेचा इव्हेंट उचलायचा. हजार रांगा झाल्या की माझ्याकडचा इव्हेंटच सगळ्यात लहान कशावरून, शेजारच्या कोरकडून मागच्या वेळेचं काही यायचं राहिलं असेल तर?

1970 च्या दशकाच्या शेवटी चँडी आणि मिश्रा, आणि वेगळेपणाने ब्रायंट, या संगणकशास्त्रज्ञांनी सरळ मार्ग काढला: थांबायचं. शेजारी म्हणाला की अमुक वेळेपर्यंत माझ्याकडून काही येणार नाही, की तिथवर जायचं. हे तो जेवढं पुढचं छातीठोकपणे सांगू शकतो ते लुकअहेड, आणि माझ्या मते निम्मा खेळ इथेच ठरतो. दोन विमानतळांमधलं उड्डाण कमीत कमी 40 मिनिटांचं असेल तर 40 मिनिटं बिनघोर. पण दोन राउटरमध्ये 1 मिलिसेकंदाचीच लिंक आहे आणि खरं पॅकेट 10 सेकंदांनी येणारे, तर हा म्हणतो 1 मिलिसेकंदापर्यंत काही नाही, तो म्हणतो मग माझ्याकडून 2 पर्यंत नाही, हा म्हणतो 3... असे जवळपास 10,000 रिकामे मेसेज, काम शून्य!

जेफरसन या संशोधकाची टाइम वॉर्प ही दुसरी पद्धत (पेपर 1985 चा) म्हणते थांबूच नका, चुकलं तर मागे फिरा आणि पाठवलेले मेसेज अँटिमेसेजने रद्द करा. त्याची किंमत मेमरीत आणि रोलबॅकमध्ये, म्हणजे या मागे फिरण्यात, मोजायची. तरी एक भिंत राहतेच, क्रिटिकल पाथ, म्हणजे एकामागून एकच करता येतील अशा इव्हेंटची सगळ्यात लांब साखळी. सारख्याच वेळखाऊ 1000 इव्हेंटमध्ये एकमेकांवर अवलंबून असलेली 100 ची साखळी असली तर कोर लाखभर लावा, 10 पटच. (गंमत म्हणजे टाइम वॉर्प ही भिंतही कधीकधी ओलांडतं, अर्धवट माहितीवर काढलेला मेसेज नंतर बरोबरच निघाला तर तो तसाच ठेवतात, म्हणजे साखळी तुटली.)

आता टाइम वॉर्पचाच 2013 चा वेगाचा विक्रम. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर लॅबचा सिकोया महासंगणक आणि त्याला जोडलेला व्हल्कन, दोन्ही मिळून 19,66,080 कोर, सेकंदाला 504 अब्ज इव्हेंट. 32,768 कोरवरून 60 पट कोर केले आणि वेग 97 पट झाला, कारण प्रत्येक कोरच्या वाट्याचं काम इतकं कमी झालं की ते कॅशमध्ये, म्हणजे कोरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, मावायला लागलं. ऐकायला भारी, आणि आहेच भारी, पण चालवलं काय होतं तर फोल्ड (PHOLD), म्हणजे ज्याच्या इव्हेंटमध्ये जवळपास काहीच काम नसतं आणि भार सगळीकडे सारखा असतो असा बेंचमार्क, नुसता वेग मोजायचा चाचणी-प्रोग्राम. तुमच्या मॉडेलमध्ये एखादा विमानतळ असा असतोच की निम्मी विमानं तिथूनच जातात, आणि मग बाकीचे सगळे कोर त्या एकाची वाट बघत बसतात नाहीतर पुढे पळून परत मागे येतात.