आखाजीच्या आधी बंगई

[ओसरी. भिंतीशी पितळी कड्या टेकवलेल्या. जमिनीवर सागाची रुंद फळी.]

ही माझ्या आजोळची बंगई, म्हणजे कड्यांना टांगलेला लाकडी झोपाळा. चोपडा तालुक्यातलं गाव, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, महिन्यावर आलेली. आखाजीला खान्देशात लेकी माहेरी येतात, आणि झोका घेतल्याशिवाय त्यांचं माहेरपण पुरं होत नाही. यंदा मात्र मामींनी बंगई उतरवून ठेवली. रोज झाडताना फळीखाली चिमूटभर पीठ सापडत होतं.

[जवळून: काळ्या कागदावरची भुकटी, दोन बोटांत चोळताना.]

ही भुकटी आधी चोळून बघायची. मैद्यासारखी मऊ लागली, तर लाकूड पोखरणारा भुंगा. खसखशीएवढे कडक, कंगोरेदार दाणे निघाले, तर कोरड्या लाकडातली वाळवी. मातीच्या नळ्या दिसल्या, तर ती जमिनीतून चढलीय. मग आधी घराचा पाया बघायचा, फर्निचर नंतर. आमची भुकटी मऊ होती.

भोकं एक-दोन मिलिमीटरची. आपल्याला वाटतं, इथून कीड आत शिरली. इथून ती बाहेर पडलेली असते. मादी उघड्या लाकडाच्या बारीक छिद्रांत अंडी घालते, अळी महिनोन्‌महिने आत पोखरते आणि भुंगा होऊन निघताना हे भोक पाडते. म्हणून भोकांवर पुट्टी फासून वर पॉलिश मारलेलं दिसलं, की मला वाईट वाटतं. आतली अळी तशीच खात राहते.

सागाला कीड लागत नाही म्हणतात. ते गाभ्यापुरतं खरं. कडेच्या पांढरट लाकडात स्टार्च असतो आणि अळीला तोच हवा असतो. फळी कापणाऱ्याने रुंदीसाठी एका बाजूचं पांढरं लाकूड ठेवलं होतं. भुंग्याने नेमकं तेवढंच खाल्लं.

[सुतार आबांचे हात. टोचा फळीवर बोटाबोटाच्या अंतराने.]

गावातले सुतार आबा आले. टोचा घेऊन बसले. मध्यभागी टोचा रुततच नव्हता. कडेला मात्र बिस्किटात जावा तसा आत गेला. सगळी फळी तपासून झाल्यावर आबा मामींना म्हणाले, "लाकूड मरेल नही शे." म्हणजे लाकूड मेलेलं नाही.

आधी जुनं पॉलिश खरवडून काढलं, कारण त्याखाली औषध मुरत नाही. मग बोरिक ॲसिड आणि टाकणखार कोमट पाण्यात विरघळवून ब्रशने दोन हात दिले, भोकांत इंजेक्शनच्या सुईने सोडलं. पुष्कळ घरांत रॉकेल ओततात. रॉकेल उडून जातं, मागे राखण काहीच राहत नाही. बोरॉनचा क्षार लाकडात टिकतो. पोटात गेला तर तो विषारी आहे, तेव्हा हातमोजे घालायचे आणि पोरं-ढोरं लांब ठेवायची. नंतर फळी सावलीत वाळवली. खान्देशातल्या चैत्राच्या उन्हात ती टाकली असती, तर तडकली असती.

[जवळून: पटाशी. कडेचा भुसभुशीत भाग गळून पडतो.]

खरा प्रश्न एका कोपऱ्याचा होता. तिथेच कडी बसते, तिथेच माणसाचं वजन येतं. भुसा आणि फेविकॉल कालवून तो भरता आला असता. दिसायला ठीक दिसला असता, पण त्यावर माणूस बसवायचा नाही. आबांनी पटाशीने कडक लाकूड लागेपर्यंत कोपरा कापला. तोही सरळ कापला नाही, लांब तिरपा घेतला, म्हणजे सांध्याला जागा जास्त मिळते. ठिगळासाठी लाकूड मिळालं पडक्या खिडकीच्या चौकटीतून, तितकंच जुनं, तितकंच वाळलेलं. रेषेला रेष जुळेपर्यंत आबांनी तो तुकडा चार वेळा फिरवून पाहिला. मग एपॉक्सीचा डिंक, आणि रात्रभर आवळून धरणारा शिकंजा. खालून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लोखंडी पट्टी आली. कड्या आता पट्टीत अडकतात. ठिगळावर ओढ येत नाही.

वरची बारीक भोकं रंगवलेल्या मेणाने भरली. खालची मुद्दाम मोजून, खडूने गोल करून उघडी ठेवली. गोलाबाहेर भोक दिसलं, तर कीड अजून आत आहे. पॉलिश चपडा लाखेचं, स्पिरिटमध्ये विरघळवलेलं. फळी पुरती वाळल्यावरच दिलं, नाहीतर ओलीमुळे ते पांढुरकं पडतं. बिनपॉलिशच्या उघड्या लाकडातच मादी अंडी घालते, म्हणून खालच्या अंगालाही दोन हात.

[रात्र. बंगईवर दादर ज्वारीची दोन पोती.]

आखाजीच्या आदल्या रात्री मामांनी बंगईवर दादरची दोन पोती ठेवली. आबा सांध्यावर बोट ठेवून बराच वेळ बसले होते. सकाळी पोती उतरवली. सांध्याची रेघ तशीच होती, केसभरही उघडली नव्हती.

[दिवस. कड्यांचा आवाज.]

पहिला झोका मामींनी घेतला. खाली जमिनीवर काळा कागद अजून तसाच आहे. रोज झाडताना त्या तो उचलून उजेडात धरतात.