केसपेपर सापडतो कसा

(दृश्य : तळघर. ट्यूबलाइट दोनदा लुकलुकून लागते. लोखंडी रॅक, छतापर्यंत फायली.)

सकाळचे साडेआठ. वर ओपीडीत केसपेपरच्या खिडकीसमोर रांग वळसा घेऊन जिन्यापर्यंत पोचलीय. खाली, जिथं पेशंटचं कधी येणं होत नाही, तिथं रेकॉर्ड रूमचं कुलूप निघतं. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात ही खोली अशीच दिसते. कागदाचा कुबट वास, कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या आणि एक स्टूल, ज्याचा एक पाय घडी केलेल्या पुठ्ठ्यावर टेकलाय.

वरून चिठ्ठी येते. फाइल नंबर 48-21-07.

तुम्ही-आम्ही 48 पासून शोधायला लागू. इथले रेकॉर्ड कीपर शेवटून सुरुवात करतात. आधी 07 चा रॅक. त्यात 21 चा कप्पा. आणि त्या कप्प्यात 48. अर्ध्या मिनिटात फाइल हातात येते आणि तिच्या जागी एक पिवळा पुठ्ठा उभा राहतो. त्यावर लिहिलेलं असतं : फाइल कुणी नेली, कधी नेली.

हे उलटं का? नंबर सरळ ओळीनं लावले, तर रोजच्या सगळ्या नव्या फायली एकाच रॅकवर येऊन पडतात. चार माणसं तिथंच, जागा संपली की मागचं सगळं सरकवायचं. शेवटच्या दोन आकड्यांवर लावल्या, की नव्या फायली 00 ते 99 अशा शंभर घरांत आपसूक वाटल्या जातात. युक्ती साधी आहे, पण कुणीतरी सांगितल्याशिवाय सुचत नाही.

यांना ती सांगितली आधीच्या रेकॉर्ड कीपरनं, निवृत्त व्हायच्या आधीच्या पंधरा दिवसांत. त्यानंतर विचारायला कुणी नाही. नर्सला अडलं तर ती शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरला विचारते. डॉक्टर वरिष्ठांना फोन लावतो. रेकॉर्डवाला मात्र आख्ख्या इमारतीत एकटाच.

(दृश्य : टेबलावर दोन फायली शेजारी-शेजारी.)

आजची अडचण ही. एकाच बाईच्या दोन फायली. एक जुनी, माहेरच्या नावाची. दुसरी सासरच्या नावाची, नवा नंबर पडलेली. जन्मतारीख एकीत आहे, दुसरीत नुसतं ‘वय अंदाजे 40’. बाई एकच असतील तर फायली एकत्र करायला हव्यात, नाहीतर जुन्या फायलीतली औषधाची अ‍ॅलर्जी नव्या डॉक्टरला दिसणारच नाही. आणि बाई दोन असल्या तर? मग एकीचा रक्तगट दुसरीच्या फायलीत जाईल.

कुणाला विचारायचं?

(दृश्य : जुनी छायाचित्रं. बोस्टन शहर.)

हाच एकटेपणा शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत काही बायकांच्या वाट्याला आला होता. गोष्ट सुरू होते सर्जन मंडळींपासून. 1913 साली ‘अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स’ ही त्यांची संघटना निघाली. सभासद व्हायचं असेल तर केलेल्या शस्त्रक्रियांच्या नोंदी दाखवा, अशी अट घातली. आणि पंचाईत झाली. सर्जन चांगले होते, पण नोंदी धड कुणाकडेच नव्हत्या.

मग रुग्णालयांचीच तपासणी झाली. किमान पातळीच्या मोजक्या अटींमध्ये एक अट होती, प्रत्येक पेशंटची अचूक आणि पूर्ण नोंद. 1919 साली निकाल आला : शंभर किंवा जास्त खाटांच्या 692 रुग्णालयांपैकी फक्त 89 पास. नापासांच्या यादीत इतकी नामांकित नावं होती, की वर्तमानपत्रांच्या हाती लागू नये म्हणून ती यादी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलच्या भट्टीत जाळली गेली.

नोंदी ठेवा म्हणून सांगणाऱ्यांनी आपलीच नोंद जाळली. आमच्या रेकॉर्ड कीपरना हा किस्सा सांगितला, तर ते पोट धरून हसले.

यादी गेली तरी अट राहिली. आता प्रत्येक रुग्णालयाला नोंदी नीट ठेवणारं माणूस हवं होतं. पण ते माणूस म्हणजे नेमकं कोण, त्याला काय यायला हवं, पगार किती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ग्रेस व्हाइटिंग मायर्स यांनी वर्षानुवर्षं हे काम केलं होतं. 1928 साली अमेरिका-कॅनडातल्या अशाच नोंदी सांभाळणाऱ्या मंडळींची संघटना बोस्टनला स्थापन झाली, आणि मायर्सबाई तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

पुढच्या काही वर्षांत संघटनेनं परीक्षा सुरू केली. पास होणाऱ्याला नावापुढं लावायला पदवी मिळू लागली. वरवर मामुली वाटेल, पण ‘फायली आणून देणारी बाई’ आणि ‘नोंदणीकृत रेकॉर्ड लायब्ररियन’ यांच्या पगारात आणि खुर्चीत जो फरक पडतो, तो या परीक्षेनं पाडला. त्या संघटनेचं नाव पुढं बदलत गेलं, 1991 पासून ती ‘अहिमा’ (अमेरिकन हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट असोसिएशन) म्हणून ओळखली जाते.

परीक्षेपेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती 1957 ची गोष्ट. त्या वर्षी संघटनेनं आचारसंहिता स्वीकारली. तिचा उपयोग काय, हे आपल्याच तळघरात बघू.

(दृश्य : दारावर टकटक. एक हात आत येतो, चेहरा दिसत नाही.)

“जरा ती फाइल दे रे. एक ओळ लिहायची राहिलीय.”

पेशंट दोन महिन्यांपूर्वी दगावलाय. कालच ग्राहक आयोगाची नोटीस आलीय. 1995 साली सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते असा निकाल दिला, तेव्हापासून केसपेपर हा पुरावा झाला. आणि ती एक ओळ नेमकी कसली, हे सांगायची गरज नाही.

नियम असं सांगतो, की राहिलेली नोंद नंतर करता येते, पण आजची तारीख आणि आजची वेळ घालून, सहीनिशी. जुन्या दोन ओळींच्या मधल्या जागेत बसवून नाही. हे रेकॉर्ड कीपरला कळतं. सांगायचं कसं? समोर विभागप्रमुख उभे. हा तृतीय श्रेणीचा कर्मचारी. “मी देणार नाही” म्हणाला तर तो उर्मटपणा. “आमच्या व्यवसायाच्या नियमात बसत नाही, साहेब” म्हणता आलं, तर वाक्याला जरा वजन येतं.

(दृश्य : पुणे. काचेच्या इमारती, संध्याकाळची शिफ्ट.)

आपल्याकडं अशा संघटनेचं महत्त्व वेगळ्याच वाटेनं पोचलं. पुण्या-मुंबईत हजारो मुलं-मुली अमेरिकन रुग्णालयांच्या फायली वाचून आजारांना, उपचारांना सांकेतिक क्रमांक देतात. मेडिकल कोडिंग म्हणतात त्याला. बीएस्सी, बीफार्म झालेली ही पोरं ‘एएपीसी’ या कोडिंगवाल्यांच्या 1988 सालच्या अमेरिकन संघटनेची सीपीसी, म्हणजे ‘सर्टिफाइड प्रोफेशनल कोडर’ ही परीक्षा देतात. अनुभव नसेल तर पदवीपुढं ‘ए’ अक्षर लागतं, अ‍ॅप्रेंटिसचं. कंपन्यांच्या जाहिरातीत सरळ लिहिलेलं असतं, ‘सीपीसी असेल तर प्राधान्य’. आणि दर दोन वर्षांनी 36 शिक्षण-गुण जमवावे लागतात, नाहीतर प्रमाणपत्र जातं.

आता थोडं कडू. ही फी डॉलरमध्ये असते. वर्गणी दरवर्षी, परीक्षा वेगळी, पुस्तकं वेगळी. पंचवीस हजार पगाराच्या मुलीला हा हिशेब सोपा नाही. संघटना आणि दुकान यांच्यातली भिंत कधीकधी फार पातळ असते, आणि नुसतं कार्ड खिशात ठेवून कुणाचं भलं होत नाही. बैठकीला जा, प्रश्न विचारा, कुणाला तरी उत्तर द्या, तर वर्गणी वसूल.

आणि गंमत बघा. अमेरिकेतल्या पेशंटच्या फायलीसाठी आपल्या पोरांना परीक्षा, पदवी, बढती. आपल्या पेशंटची फाइल सांभाळणाऱ्याला स्टूल, तेही तीन पायांचं.

असं नाही, की इथं नियम नाहीत. वैद्यक परिषदेचे 2002 चे नियम सांगतात, की भरती झालेल्या पेशंटच्या नोंदी तीन वर्षं ठेवायच्या आणि मागितल्यावर 72 तासांत द्यायच्या. मेडिक्लेमसाठी कागद मागायला गेलेल्या प्रत्येकानं हे 72 तास अनुभवले आहेत, काहींनी अनेकदा. कर्मचारी युनियनही आहेत आणि पगारासाठी, पेन्शनसाठी त्या भांडतात, भांडायलाच हवं. पण दोन फायली एकत्र कराव्यात का, हा प्रश्न युनियनच्या सभेत कोण काढणार?

(दृश्य : पुन्हा तळघर. दुपार.)

दोन्ही फायली अजून टेबलावरच आहेत. रेकॉर्ड कीपर मोबाइल काढतात. मागं एका दोन दिवसांच्या कार्यशाळेत वेगवेगळ्या रुग्णालयांतले रेकॉर्डवाले भेटले होते. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. रोज सकाळी फुलांसकट ‘शुभ सकाळ’ येतं, त्याचा यांना वैताग आहे. पण आज ते टाइप करतात. पेशंटचं नाव नाही, नंबर नाही, नुसता पेच.

चहा येतो. गार होतो.

मग दुसऱ्या जिल्ह्यातून एका बाईंचा मेसेज येतो. नावावर जाऊ नका. दोन्हीकडच्या संमतीपत्रावरची सही किंवा अंगठा बघा, जुन्या ऑपरेशनची खूण बघा, आणि पेशंट पुढच्या तारखेला आली की तिलाच विचारा. तोवर एकत्र करू नका, दोन्ही फायलींवर एकमेकींचा नंबर लिहून ठेवा.

लाल पेनानं कव्हरवर अक्षरं उमटतात. ‘पाहा : 31-64-52.’ दुसरीवर, ‘पाहा : 48-21-07.’ खाली, जरा मोठ्या अक्षरात, ‘खात्री बाकी.’

ग्रुपवर ते लिहितात, “आभारी आहे, ताई.” आणि लगेच दुसरा मेसेज : “तुमच्याकडं वाळवीला काय करता?”