बाळाची शी आणि आईचं पोट

(पडदा काळा. दगडावर काहीतरी उगाळल्याचा आवाज. मग हळूहळू दोन हात दिसू लागतात.)

ज्या घरात बाळंतपण झालंय, तिथे हा आवाज कसला ते सांगावं लागत नाही. सहाण आहे. तिच्यावर आईच्या दुधाचे चार थेंब. हिरड्याचे वेढे झाले, आता मुरुडशेंग, मग वेखंड, मग जायफळ. आजीचे ओठ हलत नाहीत, पण वेढे मोजणं चालू आहे.

बाळ दोन महिन्यांचं. आज चौथा दिवस, त्याने शी केलेली नाही. ही बातमी घरात सगळ्यांना आहे. आजीला, मावशीला, मालिश करायला येणाऱ्या बाईंना. बाळाच्या बाबांचा रात्री फोन येतो, तेव्हा पहिला प्रश्न तोच असतो, "झाली का?"

बाजेवर बसलेल्या बाळंतिणीचाही आज चौथा दिवस आहे. तिला कुणी विचारलेलं नाही. तिनेही सांगितलेलं नाही.

(बाळाचा चेहरा. लालबुंद. पाय पोटाशी ओढलेले.)

आधी बाळाचं बघू, कारण आपला सगळ्यांचा जीव तिथेच अडकलेला असतो.

बाळ कुंथतंय. दहा-दहा मिनिटं रडतंय, लाल होतंय. आणि मग जी शी होते ती कशी असते? मऊ. मोहरीसारखे दाणे असलेली, पिवळी. हे बद्धकोष्ठ नव्हे. शी करताना पोटाने जोर द्यायचा आणि त्याच क्षणी खालचे स्नायू सैल सोडायचे, हे दोन्ही एकदम जमावं लागतं. आपल्याला ते येतं म्हणून त्यात काही शिकण्यासारखं आहे असं वाटतच नाही. बाळ ते शिकत असतं. काही आठवड्यांत त्याचं त्यालाच जमतं.

फक्त अंगावर पिणारं बाळ पहिल्या महिन्यात दिवसातून कितीतरी वेळा लंगोट भरवतं. मग साधारण सहा आठवड्यांनंतर एकदम चित्र पालटतं. तीन दिवस, पाच दिवस, कधी आठवडाभरसुद्धा शी होत नाही. आईच्या दुधात वाया जाण्यासारखं फार थोडं असतं, म्हणून बाहेर टाकायलाही फारसं उरत नाही. बाळ नीट पितंय, दिवसाला सहा-सात वेळा शू करतंय, वजन वाढतंय, पोट मऊ आहे आणि जेव्हा होईल तेव्हा शी मऊच होतेय, तर थांबायचं.

थांबणं फार अवघड असतं, हे मला माहीत आहे. चौथ्या दिवशी घरात कुणीतरी विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून आणतंच. कुणाकडे साबणाची चीप असते. त्याने लगेच शी होते, म्हणून उपाय खरा वाटतो. पण साबणाने आतली नाजूक त्वचा चुरचुरते, आणि बाहेरून टोचल्याशिवाय शी करायची नाही अशी बाळाला सवय लागते. जे ते स्वतः शिकणार होतं, ते लांबतं. त्यापेक्षा पाय हातात धरून सायकल चालवल्यासारखे हलवा. कोमट हातांनी बेंबीभोवती गोल मालिश करा. मालिशवाल्या बाईंच्या हातात ही कला असतेच.

(सहाणेशेजारी मधाची बाटली. कॅमेरा तिच्यावर थांबतो.)

ही बाटली मात्र बाजूला ठेवायला सांगणं भाग आहे. आजीला वाईट वाटेल हे माहीत असूनही.

मधात एका जिवाणूचे बीजकण असू शकतात. आपल्या मोठ्यांच्या आतड्यात त्यांचं काही चालत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. आजार दुर्मीळ आहे, पण त्याची पहिली खूण बहुतेकदा काय असते? बाळाची शी थांबते. मग चोखणं मंदावतं, रडणं क्षीण होतं, पापण्या जड होतात, मान टाकली जाते. म्हणजे शी होत नाही म्हणून ज्या मधाचं बोट चाटवायचं, त्यानेच शी थांबू शकते. एक वर्षापर्यंत मध नाही. चाटणाचा नाही, गुटीतला नाही, बारशाचासुद्धा नाही.

आणि गुटी? हिरड्याने पोट साफ होतं, हे खोटं नाही. पण सहाण, पाणी, बोटं, सगळं काही उकळलेलं नसतं, आणि सहा महिन्यांच्या आत बाळाला आईच्या दुधापलीकडे काहीही लागत नाही. पाणीसुद्धा नाही, विदर्भातल्या मे महिन्यातही नाही. आईच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असतं. आजीची सहाण मला प्रिय आहे. तिच्यावर उगाळलेलं चंदन बाळंतिणीच्या कपाळाला लावावं.

बाळाला खरोखर खडा होतो तो बहुधा वरच्या दुधाने. पावडर मापापेक्षा जास्त पडली की, किंवा वर्षाच्या आत गाई-म्हशीचं दूध सुरू केलं की. नाहीतर सहा महिन्यांनंतर, जेवण सुरू होताना, जेव्हा वाटीत फक्त रवा, बिस्किट आणि दूध असतं. तिथे उपाय स्वयंपाकघरातच आहे. मऊ वरणभात, कुस्करलेली पिकलेली पपई, उकडलेलं रताळं, शिजवलेल्या भाजीचा गर, आणि प्रत्येक खाण्याबरोबर उकळून गार केलेल्या पाण्याचे चार घोट.

या काही गोष्टींना मात्र घरी थांबायचं नाही. जन्मल्यावर 48 तासांत काळी शी झाली नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत शी आणि शू दोन्ही कमी आहेत, कारण तेव्हा बाळाला दूध पुरत नसण्याची शक्यता असते. पोट फुगून टणक झालंय. उलटी हिरवी होतेय. शीतून रक्त जातंय. बाळ मलूल आहे, पीत नाही. यात एरंडेलही नाही आणि देठही नाही, थेट डॉक्टर.

(बाजेवरची आई. बाळ मांडीवर. तिच्या हातात अर्धा पेला पाणी.)

आता ती.

माझ्या बाळंतपणात मला टाके होते. दवाखान्यातून निघताना बाळाला कसं पुसायचं, कसं धरायचं, डोस कधी, सगळं सांगितलं. संडासला गेल्यावर टाके उसवत नाहीत, एवढं एक वाक्य कुणी सांगितलं नाही. मी पाच दिवस टाळलं. सहाव्या दिवशी जे झालं, ते प्रसूतीच्या कळांइतकंच लक्षात आहे.

टाळण्याने काय होतं? मोठ्या आतड्याचं काम पाणी शोषायचं. मळ जितका वेळ तिथे थांबेल तितका तो कोरडा होत जातो. मग खडा. मग चीर पडते, रक्त दिसतं, आणि दुसऱ्या दिवशीची भीती दुप्पट होते. भीतीने पुन्हा टाळणं. अनेक बाळंतिणींचा मूळव्याध आणि फिशर इथेच बळावतो.

त्यात बाकीच्या गोष्टी भर घालतात. गरोदरपणात संप्रेरकांनी आतड्याची चाल आधीच मंद केलेली असते. सिझेरियन असेल तर भूल आणि वेदनाशामक गोळ्या. आणि सरकारी दवाखान्यातून मिळणारी ती लाल गोळी, 60 मिलिग्रॅम लोहाची, बाळंतपणानंतर 180 दिवस. शिवाय कॅल्शियमच्या दोन. लोह आणि कॅल्शियम दोन्हींनी पोट घट्ट होऊ शकतं. म्हणून कित्येक जणी गोळ्या उशीखाली ठेवतात आणि "घेतल्या" म्हणतात. गोळी बंद करू नका, तिने रक्त भरून येतं. जेवणानंतर घ्या, वर लिंबू पिळलेलं पाणी घ्या, चहाबरोबर नको, कॅल्शियमबरोबर नको. शी काळी होईल, घाबरू नका. तरीही त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा, गोळी बदलून मिळते.

आणि हा पेला. अर्धाच का? कारण बाळंतिणीने जास्त पाणी प्यायलं की पोट सुटतं, बाळाला सर्दी होते, असं आपल्याकडे अजून मानतात. ही बाई दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध तयार करते. ते पाणी तिच्याच अंगातून जातं. दर वेळी पाजायला बसताना तिच्या हाताशी भरलेला तांब्या हवा. कोमट द्या, ओवा घालून द्या, पण भरलेला द्या.

जेवणाबद्दल आपल्या आज्यांचं पुष्कळसं बरोबर आहे. बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, मेथी, अळिवाची खीर, तूप. चुकतं ते इतकंच, की काही घरांत भाकरीच्या जागी नुसता तूपभात येतो, फळं थंड म्हणून बंद होतात आणि दिवसभर पोटात जातात ते डिंकाचे लाडू. लाडू असू देत. त्यांच्याबरोबर पपई, पेरू, भिजवलेल्या मनुका, एक वाटी उसळ असू द्या. आईने पेरू खाल्ला म्हणून बाळाला सर्दी होत नाही. आणि आईचं पोट साफ नाही म्हणून बाळाचं थांबलं, हेही खरं नाही. तो दोष तिच्या माथी मारू नका.

एवढ्याने भागलं नाही तर इसबगोल आहे. तो आतड्यातून रक्तात जातच नाही, दुधात कुठून येणार? मात्र तो मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यायचा, नाहीतर उलट अडकतो. लॅक्ट्युलोजचं औषधही अंगावर पाजणाऱ्या आईला चालतं, डॉक्टर लिहून देतात. एरंडेल, सोनामुखीचे काढे स्वतःच्या मनाने नकोत.

टाके असतील तर बसताना स्वच्छ कापडाची घडी टाक्यांवर हलक्या हाताने धरा. कमोड असेल तर पायांखाली छोटा पाट घ्या, गुडघे वर येतात, वाट सरळ होते. नंतर कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बसा. रक्त थांबत नसेल, ताप असेल, सिझेरियननंतर पोट फुगून वायूही सरत नसेल किंवा शी आवरता येत नसेल तर लाजू नका, सांगा.

(अंगणात आशाताई. पिशवीतून ताणकाटा आणि थर्मामीटर निघतो.)

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरोघर काळजी घ्यायला सुरुवात केली, त्यातून पुढे देशभर ही पद्धत आली. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येते. बाळाचं वजन करते, ताप बघते, आईला रक्तस्राव विचारते. सहा भेटी. त्यात "तुमचं पोट साफ होतंय का?" हे बाजूला नेऊन, हळू आवाजात विचारायला अर्धं मिनिट पुरतं. सासूसमोर, दिरासमोर कुठलीही बाई त्याचं खरं उत्तर देणार नाही.

(सकाळ. पुन्हा तीच खोली.)

सकाळी काही खाल्ल्यावर आतडी आपोआप हलतात. घाई होण्याची ती वेळ. आणि नेमकं तेव्हाच बाळ रडतं. आई उठते, पुन्हा बसते, पाजते. तोवर घाई जिरलेली असते. रोज.

(आजी सहाण बाजूला सारते. पदराला हात पुसते. बाळाला उचलून खांद्यावर घेते.)

"मी बघते त्याला. तू जा, सावकाश ये."

(दार लागल्याचा आवाज. आजी बाळाला थोपटत खोलीत फेऱ्या घालते. बाळ रडतंय. ती हाक मारत नाही.)